बांधापलीकडचं बेणं

...कापसाचा तंतू म्हणावा, तर तो उचलला जात नव्हता. गुणमालानं नखानं टोकरून पाहिलं. केसाहून बारीक असा तो पांढरा धागा हळदीच्या गड्ड्याच्या सालीला धरून होता, तिथून शेजारच्या गड्ड्यावर गेला होता, आणि तिथून तिसऱ्यावर — तिनं हातातला गड्डा वर उचलला तशी बाकीचे दोन क्षणभर त्याच्याबरोबर हलले, मग धागा तुटला आणि बोटाच्या टोकाला नुसता ओलसर गारवा राहिला. बुरशी. लहानपणी बस्तीतल्या, जैन देवळातल्या, पाठशाळेत पंडितजी सांगायचे, बुरशीला हात लावू नका, ती अनंतकाय आहे, एका शरीरात अनंत जीव. एकानं श्वास घेतला की सगळ्यांनी घेतला, एकानं आहार घेतला की सगळ्यांचं पोट भरलं. तिनं विचारलं होतं, मग ते भांडत नाहीत का? सगळी पोरं हसली. पंडितजींनी तिचा कान पिळला.

सत्तर वर्षं झाली असतील त्याला. आणि आज ती पडवीत लावणीसाठी राखलेल्या बेण्याच्या ढिगापुढे बसून कुजके गड्डे वेगळे काढत होती. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. निवडून, चाळून, वर हळदीचा पाला झाकून ठेवलेलं बेणं — त्यात कुजकं असं फारसं नव्हतंच. पण हातांना काहीतरी लागत होतं. एखादा मऊ गड्डा सापडला की ती तो अंगणापलीकडे फेकत होती, आणि तो भिंतीवर फुटल्याचा आवाज आला की थोडं बरं वाटत होतं... थोडंच.

"आज्जी, इरकल काढून ठेवलीय. दोनला सांगलीच्या कार्यक्रमाला निघायचंय हं," नातसून दीपाली आतून म्हणाली.

गुणमालानं आणखी एक गड्डा फेकला.

सकाळी बनूबाई येऊन गेली होती.

बनूबाईचं रान तिच्या रानाला लागून; मधे एक बांध आणि बांधावर लिंबाचं झाड. मुलगा फौजेत, तिकडं बर्फात कुठंतरी. रान बघायचं ते बनूबाईनं आणि तिच्या सुनेनं. ती आली ती नेहमीसारखी, अंगणातूनच बोलत.

"गुणाक्का, हायस का गं? का सकाळीच देवळात?"

"ये की. बस."

"बसाया येळ न्हाई. माझ्या बेण्यात कूज शिरली बघ. वरनं चांगलं दिसतंय, दाबलं की नुसतं पानी. समदं उकिरड्यात गेलं. आखितीची लावण तोंडावर आली. चार पोती काढून ठेव, सांजच्याला गाडी लावते."

ती मागत नव्हती, सांगत होती. तसंच सांगायचं असतं. या नदीकाठाला हळदीचं बेणं विकत नसत. ज्याचं कुजलं त्याला ज्याचं राहिलं त्यानं द्यायचं, आणि पुढच्या साली त्यानं तेवढंच बांधावर आणून ठेवायचं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते गुणमालाच्या सासूलाही माहीत नव्हतं. गुणमाला हो म्हणणार, तोवर आर्जव बाहेर आला. तिचा नातू. फोन खिशात ठेवला, बनूबाईसमोर चवड्यांवर बसला, तिच्या गुडघ्याला हात लावला. पोरगं वागायला गोड आहे, त्यात खोट काढता येत नाही... हेच तर.

"बनुआज्जी, यंदा बेणं सगळं बुक झालंय. कंपनीशी करार केलाय. एक गड्डा बाहेर गेला तरी मला नोटीस येईल."

"कंपनी म्हंजी कोन? तिचं रान कुठं हाय?"

"तिचं रान नसतं, आज्जी. ते पॅकिंग करून लांबलांब विकतात."

"मग तिला आखितीची घाई न्हाई. तिला म्होरल्या साली दे."

आर्जव हसला, लाडानं. आत जाऊन एक पुडा घेऊन आला. "हे माझ्याकडून. चांगल्या बुरशीची पावडर आहे, मीच बनवतो. बेण्याला चोळा, कूज शिरणार नाही. पैसे नकोत."

बनूबाईनं पुडा उलटासुलटा करून पाहिला. "बेण्याला चोळायची?"

"हो."

"मग बेणं दे की."

दीपालीनं तेवढ्यात चहा आणून ठेवला, घट्ट दुधाचा. बनूबाईनं त्याकडं पाहिलं नाही. तिनं गुणमालाकडं पाहिलं. एकदाच. आणि गुणमाला — मी — मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. शब्द अगदी ओठापर्यंत आला होता: आर्जव, हे बेणं तुझं नाही. पण तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि ते तोंड तिला पाच वर्षांचं दिसलं, पतंग तुटल्यावरचं. पुण्याची नोकरी सोडून तो मातीत परत आला होता. गावातल्या म्हाताऱ्या तिला म्हणत, तुझं नशीब बाई, आमची गेली ती गेलीच. त्याचा बाप, धरणेंद्र, दुबईहून फोन करून अजून म्हणतो, कशाला अडकलास तिथं. एक शब्द लागला आणि हा पण गेला तर... या घरात रात्रीचा दिवा लावणारी ती एकटीच.

बनूबाई उठली. पुडा कट्ट्यावर ठेवला. आणि तिनं गुणमालाला हात जोडले.

मत मागायला आलेल्यांना जोडतात तसे. अनोळखी माणसाच्या दारात जोडतात तसे. बनू सून म्हणून या गावात आली तेव्हापासून तिनं गुणमालाला शिव्या दिल्या होत्या, टोमणे मारले होते, तिच्या नावानं बोटं मोडली होती. हात कधी जोडले नव्हते.

इरकल नेसताना निऱ्या तीनदा सुटल्या. दीपालीला ते वयाचं वाटलं असावं, कारण ती खाली बसून निऱ्या नीट करू लागली. गुणमालाला वाटलं, या पोरीला लाथ मारावी. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा राग आला. नेसतेय कशाला मी? कुणी बांधून नेतंय का? तरी ती नेसली, डोक्यावरून पदर घेतला, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली, कारण आर्जव म्हणाला, आज्जी पुढं.

गाडी पुलावर आली. कृष्णा उन्हाळ्यानं आत ओढलेली, काठचे दगड उघडे. याच पाण्यानं काही वर्षांपूर्वीच्या त्या महापुरात सगळं झाकलं होतं. माळावरच्या शाळेत झोपायचं आणि सकाळी खाली बघायचं तर रान नाहीच, नुसता तांबडा पसारा. पाणी उतरलं तेव्हा हळद जमिनीतच सडली होती. तो वास महिनाभर डोक्याच्या केसांतून गेला नव्हता. अख्ख्या गावात बेण्याचा गड्डा उरला नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात, लावणीच्या तोंडावर, तो दुसरा पूर — रस्ते बंद, माणसं घरात कोंडलेली, नाक्यानाक्यावर पोलीस. त्या दिवसांत बनू कवठे महांकाळला आपल्या बहिणीकडं गेली. बहिणीकडं जे बेणं होतं ते कितीतरी वर्षांपूर्वी गुणमालाच्या घरातून बांधावर, बांधावरून बनूकडं, बनूकडून तिकडं माळरानात गेलेलं. ते तिनं परत आणलं. दुधाच्या गाडीत, कॅनच्या मागं पोती दडवून.

"आज्जी, आज मी तुमची दोघींची गोष्ट सांगणाराय," आर्जव स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला. "शेवटी. लोक रडतील बघ."

"कुणाची?"

"तुझी आणि बनुआज्जीची. लॉकडाऊनमधली."

तिनं त्याच्याकडं मान वळवून पाहिलं. थट्टा करतोय का? नव्हता करत. सकाळ त्याच्या अंगावरून पाण्यासारखी गेली होती. एका दारातून बनूबाई आली आणि गेली, दुसऱ्या दारात गोष्ट उभी होती, आणि मधली भिंत त्याला दिसतच नव्हती... दिसली असती तर मी त्याला माफ केलं असतं? लबाड माणसाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं, याला तर सगळं खरंच वाटतंय.

सांगलीतला हॉल थंडगार होता. तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर मातीचं पोट उघडून दाखवलेलं चित्र, झाडांची मुळं, आणि मुळांमधून पांढरी जाळी. आर्जव बोलू लागला आणि इच्छा नसतानाही ती ऐकू लागली, कारण तो फार छान बोलत होता. मातीखाली बुरशीचे धागे एका मुळाकडून दुसऱ्याकडं जातात. बुरशी झाडाला पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. म्हणतात, सावलीतल्या रोपाला उन्हातल्या झाडाची साखरसुद्धा या वाटेनं पोचते. एक धागा तुटला तर दहा वाटा उरतात. "या जाळ्याला केंद्र नाही," तो म्हणाला, "मालक नाही. पुरातून, दुष्काळातून टिकून राहणारा समाज हवा असेल, तर आपल्याला बुरशीसारखं जगायला शिकलं पाहिजे."

खरं आहे, तिला वाटलं. अगदी खरं आहे रे बाळा. आणि त्या खरेपणानंच तिच्या कानशिलात काहीतरी ठोके देऊ लागलं.

मग पडद्यावर बांध आला. तिचा बांध, लिंबाच्या झाडासकट. आर्जवनं आवाज खाली आणला. महापूर, सडलेली हळद, लॉकडाऊन, दुधाची गाडी. "माझ्या आजीची जिवाभावाची मैत्रीण," तो म्हणाला. "निःस्वार्थ. कसलीही अपेक्षा नाही. हीच आपली मूळ संस्कृती."

मैत्रीण.

अरे, तेव्हा आमचा अबोला होता. तुला माहीत आहे. घरातल्या मांजराला माहीत होतं. चक्कीवर चार बायकांत बनू म्हणाली होती, गुणाक्काच्या चहात दूध हुडकायला चाळणी लागती — आणि त्यावर मी जे बोलले ते इथं या थंड हॉलमध्ये उच्चारता यायचं नाही. तिथून जो अबोला धरला तो वर्षानुवर्षं. समोरून आली की मी रस्ता बदलत होते, ती थुंकत होती. आणि त्याच सगळ्या वर्षांत, आखिती आली की ज्याचं कमी पडलं त्याच्यासाठी बांधावर पोती येत होती. चांगुलपणानं नव्हे रे. चांगुलपणा कुठला आमच्यात. मी तिचं बेणं मोजून घेत होते, एक गड्डा मऊ निघाला तर आठ दिवस तिला मनात शिव्या देत होते. पण द्यायचं म्हणजे द्यायचं. तिचं तोंड आवडत नाही म्हणून तिचं रान रिकामं ठेवायचं, हे सुचतच नव्हतं कुणाला. आणि ती दुधाची गाडी... पोती उतरवून बनू बांधावर उभी राहिली आणि लिंबाच्या झाडाकडं तोंड करून ओरडली, "न्यायचं तर न्या म्हनावं, न्हाई तर म्हशीला घालते." मी माझ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून गाईला म्हणाले, "म्हणावं, राहू दे तिथं." हे सांग की. झाडाचं आणि गाईचं सांग. लोक रडायचे नाहीत, हसतील, पण त्यांना काहीतरी कळेल. तू आमचं भांडण काढून टाकलंस आणि उरलेलं तुझ्या पडद्यावर टांगलंस. गड्डा सोलून नुसती साल दाखवतोयस... आणि आज जे बेणं तू बुक केलंस ते त्याच पोत्यांचं आहे. तिच्या हातचं.

टाळ्या पडत होत्या. शेजारची बाई डोळे पुसत गुणमालाचा हात दाबत होती. तो हात तिनं काढून घेतला.

अबोला सुटला तो हे गेले तेव्हा. घर माणसांनी भरलेलं, जो तो हळू आवाजात बोलणारा, आणि बनू दारातून आत येऊन म्हणाली, "रडत बसलीस व्हय? ऊठ, गुरं हंबरत्यात." तेवढ्यानं ती उठली होती.

"आणि आज ती आजी आपल्यात आहे," आर्जव म्हणत होता. "आज्जी, दोन शब्द."

कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल घातली. कुणीतरी तिला धरून उठवलं. आर्जव माइक घेऊन स्वतःच पायऱ्या उतरून खाली आला, आणि त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ होतं, घामेजलेलं, उजळलेलं, ती जे काही बोलेल त्याच्यासाठी आधीच हसरं झालेलं. तिनं त्या तोंडाकडं पाहिलं. सकाळी इथंच ती अडली होती. पाच वर्षांचं ते पोर तिनं शोधलं, आणि तिला ते सापडेना. समोर तीस वर्षांचा एक पुरुष होता, दाढी राखलेला, ज्याला वाईट वाटलं तर वाटेल. तो पुण्याला गेला तर जाईल. हे मनात येताच आता छातीत काही कोसळेल म्हणून ती थांबून राहिली. काही कोसळलं नाही. भीती जिथं असायची तिथं हात घालून पाहावं तर नुसती जागा.

राग मात्र होता. पण सकाळपासून जो उतू जात होता तो आता हळद शिजवायच्या काहिलीसारखा एका लयीत रटरटत होता, आणि त्याची तिला घाई वाटत नव्हती. तिला दिसलं, हे सगळं बनूनं पाहिलं तर ती काय म्हणेल — ही शाल, हा माइक, ही इरकल. काय काय म्हणेल ती. चक्कीवर चारचौघींत म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असं म्हणेल. आणि ते आपण ऐकावं, पुढ्यात उभं राहून, पदर न गुंडाळता सगळं ऐकून घ्यावं आणि मग तसंच दणकून परत द्यावं, यासाठी तिचा जीव तहानेल्यासारखा झाला. फक्त बनूनं हात जोडू नयेत. त्या जोडलेल्या हातांपुढं तिच्याकडं बोलायला काही नव्हतं.

"बोल ना आज्जी," आर्जव हळूच म्हणाला.

माइक तिच्या हातात होता, आणि हॉल तिच्या पहिल्या शब्दासाठी गप्प झाला होता. तिला त्या गप्प बसण्याचं काहीच वाटेना. इतकी वर्षं न बोलता काढलेली बाई होती ती. कुणाशी बोलायचंय हे पक्कं ठाऊक असलं, की मधल्या शांततेत किती वेळ उभं राहता येतं, ते तिला चांगलं माहीत होतं.