नाव मामांचे, हात मावशींचे

मी एक जुने प्रेस मशीन आहे. पत्र्यातून डब्यांची झाकणे कापणे, एवढेच मला येते. मी कारखान्यात आले तेव्हा माझा हिरवा रंग असा चकाकत होता की मालकांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. आता रंग उडाला आहे.

मित्रांनो, माझे ऑपरेटर होते मामा. त्यांना निळा एप्रन आणि बरा पगार. पत्रे उचलून देणाऱ्या, झाकणे गोळा करणाऱ्या हेल्पर म्हणजे मावशी. त्यांना करडा एप्रन आणि मामांच्या निम्मा पगार. हेल्परने मला हात लावायचा नाही, असा नियम होता.

पण मामांची कंबर दुखू लागली. "ताई, जरा बघता का? आलोच मी," म्हणत ते पत्र्यांच्या थप्पीमागे आडवे होत. ते 'आलोच' नऊ वर्षे चालले. माझा आवाज जरा जड झाला की मावशी मला थांबवीत, साचा पुसत, तेल घालत आणि म्हणत, "काय गं, आज घसा बसला वाटतं?" त्या नऊ वर्षांत माझ्याखाली कोणाचे बोट सापडले नाही.

रोज नोंदवहीत झाकणांचा आकडा आणि ऑपरेटरचे नाव लिहावे लागे. मामांचे अक्षर कोणालाच लागत नसे, म्हणून तेही मावशीच लिहीत. वळणदार अक्षरात, मामांचे नाव.

मामा निवृत्त झाले. मावशींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आणि ऑपरेटरचा पगार मिळाला तरच फी भरता येणार होती. मावशींनी त्या जागेसाठी अर्ज केला. साहेब माझ्यापाशी येऊन नोंदवही चाळू लागले.

"मावशी, यात तुमचं नाव कुठंय?"

"अक्षर माझंच आहे की, साहेब."

"अक्षर तुमचं, नाव त्यांचं. मी वर काय दाखवू?"

"एकदा चालवून दाखवते ना."

"हेल्परने हात लावायचा नाही, माहीत आहे ना?"

मामा कागदपत्रे न्यायला आले तेव्हा मावशींनी त्यांना गाठले. "मामा, साहेबांशी दोन शब्द बोला."

मामा खाली बघत पुटपुटले, "ताई, माझे पैसे अजून हातात पडायचेत. नऊ वर्षं झोपत होतो, असं सांगू?"

मग प्रमाणपत्र घेऊन नवा ऑपरेटर आला. त्याने माझ्यासारखे मशीन फक्त चित्रात पाहिले होते. साहेब म्हणाले, "मावशी, याला शिकवा. आणि हो, आजपासून तुम्ही सीनियर हेल्पर!"

"आणि पगार?"

"तो तेवढाच. पण मान वाढला ना!"

"फी म्हणून मान घेतात का हो कॉलेजात?"

साहेब हसले. मावशी हसल्या नाहीत.

नका शिकवू, असे मी मनात म्हणत होते. तेवढ्यात नव्या ऑपरेटरचा हात साच्याखाली गेला आणि मावशींनी तो झटकन मागे ओढला. त्यानंतर महिनाभर त्यांनी त्याला सगळे शिकवले.

मुलीचा प्रवेश गेला. मागच्या सोमवारी तीही याच कारखान्यात लागली, हेल्पर म्हणून.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असे मी सांगेन असे तुम्हाला वाटले असेल. माझी निगा नीट राखली गेली. ती कोणी राखली, हे विचारायला मात्र कोणी आले नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब झाले, तर कागद उघडण्याआधी मशीनपाशी येऊन घटकाभर उभे राहा. काम कोण करते आहे, ते आपल्या डोळ्यांनी बघा.