खरी वेळ सांगितली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे. दुकानदार मला टेबलावरचं घड्याळ म्हणायचा. पण ताडकळसच्या ज्या घरी मी आलो तिथे टेबल नव्हतं, म्हणून मी भिंतीतल्या देवळीत बसलो. डोक्यावर दोन वाट्या, मध्ये हातोडी आणि पाठीला दोन चाव्या. एक चालण्याची, दुसरी ओरडण्याची.

माझे मालक बसवंतराव. गावात त्यांचं कापडाचं दुकान. पहाटे पाचला उठायचं, आंघोळ, कपाळाला विभूती, इष्टलिंगाची पूजा आणि मग चहा. सण असो, सोयरीक असो, वेळ तीच. शेजारचे भगवानराव चेष्टा करायचे, "बसवंतराव, रविवारी तरी झोपा की हो!"

"रविवारी झोपलो तर सोमवारी कोण उठवंल? तुमी येताव का?" मालक विचारायचे. भगवानराव येणार नव्हते. ते स्वतः आठ वाजता उठून दिवसभर जांभया द्यायचे.

पहिले दोन-तीन महिने मी घसा फोडून ओरडलो. पुढे नवल घडलं. पाचला पाच कमी असताना मालकांना आपोआप जाग यायची आणि त्यांचा तळवा हलकेच माझ्या डोक्यावर यायचा. मी वाजायच्या आत गप्प. गजराला आयुष्यात याहून मोठा मान मिळत नाही. त्यांच्या शरीरातच एक घड्याळ बसलं होतं. त्याला चावी लागत नव्हती. वेळेवर भूक, वेळेवर झोप, डोकं शांत.

त्यांची लेक ऋतुजा त्याच वळणाची. पोलीस भरतीसाठी ती शाळेच्या मैदानावर पहाटे धावायची. आणि मला खरं ठेवायचं काम गंगम्माचं, म्हणजे ऋतुजाच्या आईचं. परभणी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की त्या माझे काटे जुळवायच्या. म्हणायच्या, "मुक्या जिवाला खोटं बोलायला लावू नये."

दोन वर्षांपूर्वी गंगम्मा गेल्या.

त्यानंतर घराची झोप विसकटली. मालक कधी तीनला उठून बसायचे, कधी साडेनऊ वाजले तरी पडून राहायचे. पूजा दुपारवर गेली. डोळ्यांखाली काळं आलं, गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता डुलकी लागायला लागली. ऋतुजाचंही तसंच. आज पाच, उद्या आठ, परवा पडूनच.

उठायची वेळ पाळता येईना, तेव्हा माणसांनी उपाय शोधला. तो फार शहाणपणाचा होता. त्यांनी मला पुढे केलं.

मालकांनी दहा मिनिटं. पुण्याला नोकरीला जाण्याआधी थोरल्या मुलाने, मंगेशने, आणखी पंधरा. ऋतुजाने पंधरा. मी एकूण चाळीस मिनिटं पुढे धावू लागलो, आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. म्हणजे गजर झाला की डोळे मिटूनच वजाबाकी व्हायची आणि उरलेली मिनिटं हक्काने झोपली जायची.

"अप्पा, ह्ये घड्याळ गावाच्या पुढं पळायलंय," ऋतुजा एकदा हसून म्हणाली.

"पळू दे. आपल्या घरात कुनीतरी पळायलंय," मालक म्हणाले.

मग भरतीच्या मैदानी चाचणीचं पत्र आलं. परभणीला, पहाटे साडेपाचला हजर. ऋतुजाची ही शेवटची संधी. पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. तिने धावणं पुन्हा मनावर घेतलं. संध्याकाळी पळून तिचे पाय तयार झाले. पहाटेची जाग मात्र परत आली नाही.

आदल्या संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या. ऋतुजा अंगणात बूट धूत होती. मालकांनी मला देवळीतून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि काटे चाळीस मिनिटं मागे आणले. गंगम्माच्या फोटोकडे बघून पुटपुटले, "उद्याच्या दिवशी तरी खोटं नको."

हे त्यांनी फोटोला सांगितलं. लेकीला सांगायचं राहून गेलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी तिचा मोबाइल मागितला. "आन इकडं. ह्याच्यापायी झोप येत न्हाई तुला." मोबाइल बंद होऊन कपाटात गेला. गजर चारचा लावून मालकांनी मला तिच्या उशाशी ठेवलं.

मित्रांनो, बरोबर चारला मी वाजलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच खऱ्या वेळेला. अभिमानाने वाजलो. ऋतुजाचा हात आला, मला दाबलं. झोपेतच ती पुटपुटली, "म्हंजी तीन वीसच झालेत." आणि कुशीवर वळली.

पलीकडच्या खोलीत मालकांनी गजर ऐकला, तो बंद झालेलाही ऐकला. बंद झाला म्हणजे पोरगी उठली, असं समजून त्यांनी पांघरूण ओढलं. एके काळी याच माणसाला माझ्याआधी जाग यायची.

मी टिकटिकत राहिलो. दुसऱ्यांदा ओरडता येण्याची सोय माझ्या पोटात नव्हती.

सव्वापाचला दूधवाल्याने कडी वाजवली. मग किंकाळी, बूट, मोटारसायकल. पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. सहा वाजून गेल्यावर ते मैदानाच्या फाटकाशी पोचले. आत तिच्या गटातल्या मुली धावत होत्या. फाटकावरचा शिपाई हळू आवाजात म्हणाला, "ताई, हजेरी झाली. आता माझ्या हातात काई न्हाई."

घरी आल्यावर मालक माझ्यासमोर उभे राहिले. वाटलं, आपटणार. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"मीच येळ बदलली गं," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं."

ऋतुजा बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "अप्पा, तुमी खरीच येळ लावली व्हती. मला खऱ्याची सवय ऱ्हायली नव्हती."

मित्रांनो, मला चाळीस मिनिटं पुढे करा नाहीतर चार तास, माणूस काही आधी उठत नाही. तो फक्त मला ओळखून असतो. आणि एका पहाटेपुरतं उठायचं ठरवलं, तर शरीर त्या पहाटेला ओळखत नाही. रोजची एक वेळ ठरवा. साधीशी, जमेल ती. आनंदाच्या दिवशी ती पाळणं सोपं असतं. घरातलं माणूस गेल्यावर ती जास्त पाळावी लागते.

आता मी पाचला वाजतो. खऱ्या पाचला. बापलेक दोघेही उठतात. मालक पूजेला बसतात. ऋतुजा बूट घालते, नाड्या बांधते आणि मग आता भरती उरली नाही हे आठवून उंबऱ्यावर बसून राहते, उजाडेपर्यंत.