ओळी सगळ्या आल्या

घशाच्या दवाखान्यातला जुना संगणक आचके देत होता आणि त्यातलं सगळं नव्यावर हलवायचं म्हणून तिथे काम करणाऱ्या ठमीच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. ऑपरेशनने ज्यांचा आवाज जाणार, त्यांचा आवाज आदल्या दिवशी इथे रेकॉर्ड करून ठेवत. तेराशे बारा माणसं. शेवटचे तिचे बाबा.

ठमीने डेटाबेसकडे, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीकडे, सगळ्यांची यादी मागितली आणि ती इन्सर्टच्या, म्हणजे नोंद भरायच्या, ओळींत फाइलमध्ये काढून घेतली. माणसागणिक एक ओळ, आणि प्रत्येक ओळ म्हणजे हुकूम: याला आत बसव! नव्या संगणकावर फाइल चालवली. नावं, वयं, तारखा, सगळं जिथल्या तिथे.

"नीट बघितलंस ना गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मोजलं, बाई! तेराशे बारा. एकूण एक."

"मग पूस जुना. न्यायला माणूस आलाय."

'कायमचं पुसू?' संगणकाने विचारलं. तिने 'हो' दाबलं. शीळ घालत दाबलं!

दुपारी बाबा तपासणीला आले. ऑपरेशनपासून त्यांच्या हातात कायम पाटी असायची. त्यांनी लिहिलं, "ठमाबाई, आमचं भाषण लावा की. किती गोड होतो ते ऐकू."

"गोड? शेजारी दचकून उठायचे!" म्हणत तिने बटण दाबलं.

काहीच नाही. पुन्हा दाबलं. दुसऱ्या माणसाचं दाबलं, तिसऱ्याचं. शुकशुकाट.

तिने फाइल उघडली. यादीत आवाजाच्या रकान्यात नुसतं 'ध्वनी' असं दिसायचं; खरा आवाज त्यामागे, जुन्या संगणकाच्या आत. फाइलने दिसलं तेवढंच उतरवून घेतलं होतं. तेराशे बारा ओळी, प्रत्येकीत तोच कोरडा शब्द. आवाज एकाचाही नाही.

तिने कसंबसं सांगितलं. बाबांनी बाहीने पाटी पुसली. मग लिहिलं, "मी काय बोललो होतो?"

तिला पक्कं आठवत होतं. तीच तर तेव्हा रेकॉर्डिंगला बसली होती. "'ठमे, आधी तो पंखा बंद कर. मेला माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतोय.'"

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मान हलवली. नाही. लिहिलं, "पुन्हा."

तिने आवाज जाड करून म्हटलं. नाही. घोगरा करून म्हटलं. नाही. खडू त्याच शब्दाखाली रेघा ओढत राहिला.

बाहेर बाकावर आणखी दोघं बसले होते, मांडीवर पाट्या घेऊन. आपापला आवाज ऐकायला.