भोंग्याची अक्कलदाढ

उपदेशक समोर नसले की लोक त्यांना भोंगा म्हणत. प्रार्थनागृहातला माइक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. घरात तर त्यांनी दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि घरी येऊन स्वतःचं मिटून ठेवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

खरं तर सांगण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. शहरबस चालवणाऱ्या एका बाईवर तिचा जीव जडला होता. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसांत लग्न करता यावं असा कायदा येऊ घातला होता, आणि तो झाला की लगेच लग्न करायचं, असं दोघींचं ठरलं होतं. अडचण एवढीच, की त्या कायद्याविरुद्ध गावात सगळ्यात मोठा आवाज तिच्या बाबांचाच होता. नगरसभागृहात जाहीर वादविवाद ठेवला होता. कायद्याच्या बाजूने एक वकीलबाई आणि विरुद्ध बाजूने भोंगा.

नेमकी वादविवादाच्याच दिवशी दुपारी उपदेशकांची अक्कलदाढ ठणकू लागली. गाल टम्म फुगला. भाषण तर चुकवायचं नाही, मग मुलीच्या दवाखान्यात जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तिने इंजेक्शन देऊन जबडा बधिर केला, तोंडात लाळ ओढणारी नळी अडकवली आणि चिमटा हातात घेतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की अशी संधी जन्मात पुन्हा यायची नाही.

"बाबा, मी लग्न करतेय," ती म्हणाली. "आ मोठा करा."

त्यांनी आ मोठा केला. डोळे त्याहून मोठे झाले. दाढ हलवता हलवता तिने सगळं सांगून टाकलं. कोण, कधीपासून, कुठल्या मार्गावरची बस. त्या बसवाल्या मुलीचा धर्म दुसरा आहे, हे सांगताना दाढ निघाली आणि उपदेशकांच्या तोंडून लांबलचक "आं" बाहेर पडलं. शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसबाईंना तो होकार वाटला. त्यांनी दोघांचं मनापासून अभिनंदन केलं.

बधिरपणा रात्रीपर्यंत राहील, भाषण पुढे ढकला, असं मुलीने परोपरीने सांगितलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि तोंडात कापूस दाबून सभागृहाची वाट धरली.

आधी वकीलबाई बोलल्या. जोडीदार रुग्णालयात अत्यवस्थ असताना 'तुमचं नातं काय?' असं विचारून दाराबाहेर थांबवलेल्या माणसांबद्दल त्यांनी सांगितलं. लग्न प्रार्थनागृहात लावा असं कुणीच म्हणत नाही, कचेरीत नोंद व्हावी एवढंच मागणं आहे, असंही त्या म्हणाल्या. उपदेशकांना मध्येच तोडता येईना, त्यामुळे त्यांना सगळं ऐकून घ्यावं लागलं.

मग ते उठले, कापूस काढला आणि 'समाज' म्हणायला गेले तर 'हमाह' निघालं. लोक खुदकन हसले. यांचं बोलणं कुणाला कळतंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. बधिर जिभेचं बोलणं समजण्यात मुलीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बाबांच्या मागोमाग ती सभागृहात आली होतीच; ती मंचावर जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

तिने काना-मात्रेचाही फरक केला नाही. "बाबा म्हणतात, लग्न हे देवाने बांधलेलं नातं आहे, त्यात सरकारने हात घालू नये." मग, "बाबा म्हणतात, असल्या लग्नांनी घरं मोडतील." पुढचं वाक्य ते लाजलज्जा सोडलेल्या माणसांबद्दल म्हणणार होते. तोंड उघडून त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती पुढचे शब्द उचलायला तयार उभी होती, हनुवटी वर करून. वाक्य त्यांच्या घशातच राहिलं. मग ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटले. मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय म्हणाले?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाबा म्हणतात," ती म्हणाली, "माझा धर्म हे लग्न मानत नाही आणि मी ते लावणार नाही. पण कचेरी माझ्या धर्माची नाही. तिथे जाणाऱ्याची वाट मी अडवू नये."

उपदेशक खाली बसले. मुलीने क्षणभर विचार केला आणि पदरचं एक वाक्य जोडून दिलं. "आणि मुलीच्या लग्नाला ते येणार आहेत."

उपदेशक ताडकन उठले आणि हातवारे करून नाही नाही म्हणू लागले, पण ते काय म्हणताहेत हे कुणालाच कळेना. त्यांचा गळा दाटून आलाय असं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जीभ ताळ्यावर आली तरी कितीतरी दिवस घरात अबोला होता. मग एका सकाळी चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "तिची बस वेळेवर असते का?"

कायदा झाला. कचेरीतल्या लग्नाला उपदेशक आले, पण कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून शेवटच्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत बसवाल्या मुलीची आई होती. त्यांचा धर्म वेगळा, पण तोंड तसंच.

"मला हे अजिबात पसंत नाही," त्या कुजबुजल्या.

"मलाही नाही," उपदेशक म्हणाले.

मग दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. परक्या धर्माच्या माणसाशी आपलं इतकं पटू शकतं, हे त्या दोघांनाही आजवर माहीत नव्हतं. मुलींच्या सह्या झाल्या, हार घातले गेले, तरी इकडे बोलणं संपेना. फोटोसाठी हाका मारून मारून सगळे थकले. शेवटी नवऱ्या मुलींनीच येऊन दोघांना दंडाला धरून उठवलं.