प्रायमर न मारलेलं छत

आत्माराम पेंटरच्या कामाला नावं ठेवणारा माणूस रत्नागिरीपासून आरे-वारेपर्यंत शोधूनही सापडला नसता. भिंतीवर नुसता तळहात टेकवून ती कुठे ओली आहे, कुठे पोकळ आहे हे तो सांगायचा, आणि ते तसंच निघायचं. गिऱ्हाइकाने छटांचं पुस्तक उघडलं की हा ते मिटवून ठेवायचा. "रंग मागाहून बगा. आधी घासायचा, मंग प्रायमर. प्रायमर नसला तर वरचा रंग कंदी सुटून येईल, नेम नाय." हे भाषण त्याने इतक्या घरांत दिलं होतं की त्याची बायको रेणुका ते झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. आणि एवढं शहाणपण जगाला वाटून झाल्यावर या गृहस्थाने स्वतःच्या वाडीतल्या विहाराच्या छताला काय केलं, ते ऐका.

विहार वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी वाडीतली माणसं मिळून त्याला चुना मारायची. जुना चुना खरवडायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. श्रमदानाचं काम, दोन तासांत उरकायचं, वर पुरणपोळीचं जेवण. थरावर थर चढत गेले. यंदा मात्र विहार नीट करायचा असं बैठकीत ठरलं. स्लॅब पावसात ठिबकायचा, त्यावर भिकूतात्यांनी कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा घोटीव थर, करायचा आणि मग आत्मारामने आतून चांगल्यातला रंग द्यायचा. दोघांनीही मजुरी घ्यायची नाही.

भिकूतात्या म्हणजे वाडीतले जुने गवंडी, वय पासष्ट. आत्माराम शाळा सोडून रिकामा हिंडत होता तेव्हा त्याला पहिल्यांदा कामावर घेऊन गेले ते हेच. मार्चमध्ये तात्यांनी भर उन्हात गुडघ्यांवर बसून कोबा घोटला आणि त्यावर पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मग आत्माराम आत शिरला. भिंती त्याने मन लावून खरवडल्या, धुतल्या, वाळू दिल्या आणि प्रायमरचे दोन हात दिले. भिंतींवर बोट ठेवायला जागा नव्हती.

राहिलं छत. छत घासायचं म्हणजे मान मोडते, डोळ्यांत भुकटी जाते, संध्याकाळी नाकातून चुना निघतो. त्यात आरे-वारेच्या एका बंगल्याचं काम दोन दिवसांवर येऊन ठेपलेलं. आत्मारामने शिडीवर चढून छतावर तळहात फिरवला. हात पांढरा फटक झाला. एवढी भुकटी हाताला लागते त्या छतावर रंग धरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने हात पॅन्टला पुसला आणि सरळ रंगाचा रोलर उचलला. नाही घासलं, नाही प्रायमर. आपलाच विहार आहे, आपणच फुकट करतोय, पुढल्या वर्षी बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलंसुद्धा.

बुद्धपौर्णिमेला छत दुधासारखं दिसत होतं. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. आत्मारामने ते घेतलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन चालू असताना, छताचा ताटाएवढा पापुद्रा सुटला आणि बायकांच्या पुढ्यात सतरंजीवर पडला. बाहेर धो धो पाऊस. सगळ्यांच्या माना आधी वर गेल्या आणि मग एकदमच भिकूतात्यांकडे वळल्या.

"गळतंय वाटतं," कोणीतरी हळूच म्हणालं.

आत्मारामने पापुद्रा उचलून उलटा केला. मागे कोरडी ठणठणीत चुन्याची भुकटी. पाणी आलं असतं तर वर पिवळा डाग उठला असता, गिलावा गार लागला असता. त्यातलं काही नव्हतं. भुकटीची बाजू खाली करून त्याने तो पुन्हा सतरंजीवर ठेवला.

मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रगुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, त्याला म्हणाले, "आत्माराम, तुला कळतं यातलं. काय झालं?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पन्नास माणसं बघत होती. गेली वीस वर्षं घरोघर दिलेलं ते प्रायमरचं भाषण त्याला आठवलं, आणि लाजेनं त्याची जीभ वळली ती भलतीकडेच.

"वरून ओल असनार," तो म्हणाला.

तात्या उठून भिंतीपाशी गेले आणि त्यांनी छताकडे बराच वेळ पाहिलं. "मना तर डाग दिसत नाय कुटं," ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पन आत्माराम म्हनतो म्हंजे असंल. त्येचा हात खोटा सांगायचा नाय."

त्या दिवसापासून आत्मारामचं जेवणावरचं मन उडालं. दर रविवारी वंदनेला पंचशील म्हणायचं. पहिली तीन शीलं तो सगळ्यांबरोबर म्हणायचा. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की खोकायचा. पाचवं पुन्हा खणखणीत. रेणुकाने त्याला खोकल्याचा काढाही करून दिला, आणि तो त्याने मुकाट प्यायला.

पाऊस थांबला. ऑक्टोबरमध्ये तात्यांनी स्लॅबवर चारी बाजूंनी सिमेंटचं आळं घातलं, विहिरीचं पाणी घागरी-घागरीने वर नेलं आणि घोट्याएवढं भरून ठेवलं. गळतं कुठे ते शोधायची ही गवंड्यांची रीत. आठ दिवस ते सकाळी विहारात यायचे, खाली चटई टाकून उताणे पडायचे आणि छताकडे बघत राहायचे. थेंब आला नाही. पापुद्रे मात्र सुटतच होते. आठव्या दिवशी त्यांनी आत्मारामला बोलावून घेतलं.

"बग बाबा तूच. पानी तर येत नाय. मंग ह्यो रंग कशापायी सुटतो?"

म्हाताऱ्याने विचारलं होतं ते अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवून. ही दुसरी संधी, आणि या वेळी तर पन्नास माणसंही नव्हती. दोघंच होते. पण पहिलं खोटं बोलून दोन महिने झाले होते, आणि आता खरं सांगायचं म्हणजे छताचंही सांगावं लागणार होतं आणि त्या खोट्याचंही.

"बारीक चीर असंल तात्या," आत्माराम छताकडे बघत म्हणाला. "दिसत नसंल."

तात्यांनी चटई गुंडाळली. "वय झाला रे माझा," ते म्हणाले आणि गेले.

नोव्हेंबरात खालच्या वाडीतल्या निलेशने नवं घर बांधायला काढलं. स्लॅबच्या कामासाठी तो तात्यांकडे गेला होता. तात्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "दुसरा कोन तरी बग. माझ्या हाताचा आता भरवसा नाय." हे निलेशनेच आत्मारामला सांगितलं, तेही रंगाचं काम ठरवायला आला तेव्हा. आत्मारामने ते काम घेतलं नाही. पाठ दुखते म्हणाला. निलेश गेल्यावर तो पडवीत बसून राहिला. स्वतःची त्याला इतकी किळस आली की रेणुकाने आणलेला चहा त्याने तसाच गार होऊ दिला. आपल्याला लाज वाटू नये म्हणून त्याने एका म्हाताऱ्याचं नाव धुळीला मिळवलं होतं, आणि म्हातारा ते खोटं खरं मानून बसला होता.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी विहाराकडून ठण् ठण् असा आवाज येऊ लागला. छिन्नीचा आवाज. आत्माराम अंगणात दात घासत होता. त्याने रेणुकाला विचारलं, "कसला काम काडलाय?"

"भिकूतात्या कोबा फोडतायत," ती आतून म्हणाली. "सगळा काढून नव्याने करणार म्हणतात. एकटेच चढलेत वर. त्यांच्या जाईबाई नको नको म्हणत होत्या."

तोंडातला फेस तसाच थुंकून आत्माराम धावत सुटला. शिडीच्या पायऱ्या त्याने दोन-दोन करून घेतल्या. वर तात्या उकिडवे बसले होते, डोक्याला टॉवेल, गुडघ्याला फडकं. कोपऱ्यातला हातभर रुंदीचा पट्टा फुटला होता. फुटलेले तुकडे बघून आत्मारामला रडू यायचं बाकी राहिलं. विटांच्या तुकड्यांपर्यंत माल कसा घट्ट धरला होता! असा कोबा आता कोणी करत नाही.

"तात्या, थांबवा. गळत नाय."

"आं?"

"स्लॅब गळत नाय. कंदीच गळला नाय. मी छत घासला नाय. प्रायमर मारलाच नाय. चुन्यावर तसाच रंग मारला म्हनून सुटतोय. मना पयल्या दिवशीच कळलेला."

तात्यांनी छिन्नी खाली ठेवली. आत्माराम मान खाली घालून उभा राहिला. शिव्या येतील, हातोडा येईल, काहीही येवो, असं त्याला झालं होतं. आलं ते वेगळंच.

"म्हंजे माझा कोबा बरोबर होता?" तात्यांनी विचारलं.

"व्हय."

"नक्की? पयल्यापास्नं बरोबर?"

"व्हय तात्या. पयल्यापास्नं."

तात्या हसायला लागले. तोंडातले उरलेसुरले दात दिसेपर्यंत हसले. टॉवेलाने डोळे पुसत ते गुडघे धरून उठले आणि कठड्यापाशी गेले. खाली जाईबाई, त्यांची बायको, चहाची किटली घेऊन येत होती.

"अगो, ऐकलंस काय? गळत नव्हता! माझा काम बरोबर होता!"

या आनंदासमोर उभं राहणं आत्मारामला शिव्यांपेक्षा जड गेलं. तात्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. त्यांना राग यायलासुद्धा अजून सवड मिळाली नव्हती.

जाईबाई खाली थांबली. "कोन म्हनतो?"

तात्यांनी आत्मारामकडे पाहिलं. आत्माराम कठड्यापाशी आला. आवाज ऐकून शेजारच्या दोन घरांतल्या बायका बाहेर आल्या होत्या, राजेंद्रगुरुजी वर्तमानपत्र हातात घेऊन अंगणात उभे होते. आत्मारामने मोठ्याने सांगितलं. छत घासलं नाही, प्रायमर मारला नाही, विचारलं तेव्हा दोनदा खोटं बोललो, तात्यांची काही चूक नाही.

जाईबाईने किटली दगडावर ठेवली. तिने वर बघितलं ते नवऱ्याकडे नाही, आत्मारामकडे.

"म्हंजे ह्ये रोज जेवायला बसले की घास घ्यायच्या आदी आपले हात उलटेपालटे करून बगत बसायचे, ता उगाच?"

तात्यांचं हसू थांबलं होतं.

"बोल ना रे," जाईबाई म्हणाली. "उगाच?"

"व्हय काकी," आत्माराम म्हणाला. "उगाच."