तळ्याचे दात घासणारा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना दात घासायचा ब्रश आहे. पण माणसाचा एकही दात मी घासलेला नाही. जालन्यातल्या मस्तगड भागातल्या दुकानात माझ्याशेजारी टांगलेले भाऊ माणसांच्या तोंडात गेले, मी थेट भोकरदनजवळच्या तळ्याच्या तोंडात गेलो. तिथं एका मगरीची दाढही कोरली. भोकरदनकडं मगरी नसतात म्हणणाऱ्यांनी तेव्हा सोबत यायचं होतं!

मला घेतलं कौसल्या मॅडमनी. त्या जालन्याच्या कॉलेजात शिकवायच्या. तळ्यातल्या दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर मी खरवडायचो, त्या तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यात डायाटम असतात, म्हणजे काचेच्या कवचाचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. काही जाती स्वच्छ पाण्यातच जगतात, काही घाणीत माजतात. कोण उरलंय ते पाहिलं, की तळ्याची तब्येत कळते.

"तळ्याला दात कुठं आले वो, म्याडम?" चतुराबाई हसायची. तिथले मासे धरून तिचं घर चालायचं.

१९९८ साली वरच्या साखर कारखान्याच्या मळीचं पाणी तळ्यात उतरलं. मासे पोट वर करून तरंगू लागले. कारखानेवाले म्हणाले, "उन्हानं मेले." मॅडमना थरात सगळे घाणीत माजणारेच सापडले. प्रदूषण मंडळाचे मोठे साहेब म्हणाले, "माझ्यासमोर दगड खरवडून दाखवा, मग कारखान्याचा नाला बंद करतो."

ठरल्या दिवशी आम्ही पोचलो, तर काठचे सगळे दगड लख्ख! चतुराबाई पदरानं घाम पुसत उभी.

"साहेब दगडं बघणार म्हणून पहाटपासून राखेनं घासून राह्यले. त्ये घसरून पडले आसते तर? एक बी सोडला न्हाई, म्याडम."

मी दगडांवर फिर फिर फिरलो. माझे केस झिजले, थर काही निघाला नाही.

"अहो, साफच आहे की तळं," साहेब म्हणाले आणि चहा पिऊन गेले. थर पुन्हा धरला, साहेब पुन्हा आले नाहीत.

"मंग नाला कवा बंद व्हनार?" चतुराबाईनं विचारलं. मॅडम मला पुसून पिशवीत ठेवू लागल्या.

"म्याडम, बोला की!"

त्या दिवाळीनंतर चतुराबाई त्याच कारखान्याचा ऊस तोडायला गेली.

मित्रांनो, ती बुळबुळ म्हणजे काय, हे मॅडमनी कॉलेजातल्या प्रत्येक वर्गाला शिकवलं होतं. चतुराबाईला मात्र कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तळी तपासायला जाल. तेव्हा ब्रश पाण्यात बुडवण्याआधी, ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्याशेजारी जरा बसा.