हो किंवा नाही

माझी चौकशी इमारतीच्या व्यवस्थापकांच्या खोलीत झाली, आणि टाइपरायटरवर बसला होता माझा साडू. आमचं सहा वर्षं बोलणं नाही. नशीब बघा, माझा शब्द न् शब्द टिपणार कोण, तर हा.

मी इथला लिफ्टचा मेकॅनिक. गेल्या आठवड्यात लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून घसरली आणि एका बाईंचा पाय मोडला. दोष माझ्यावर आला तर नोकरी जाईल ते जाईल, परवानाही जाईल. मग या वयात मला दाराची कडीसुद्धा कोणी दुरुस्त करायला देणार नाही.

"उत्तर हो किंवा नाही. पाल्हाळ नको," व्यवस्थापक म्हणाले. "आणि टाइप झालेलं खोडायचं नाही."

मला ते सोयीचंच वाटलं, इतका मी गाढव. तेवीस वर्षं तपासणीच्या कागदावर दुसरं केलंय काय? ब्रेकमध्ये दोष? नाही. दोरात दोष? नाही. 'नाही' लिहिलं की मी निर्धास्त घरी जातो.

"ब्रेकमधला दोष दिसल्यावर मला कळवलंत?"

"नाही."

दोषच नव्हता, तर कळवू काय, कपाळ?

"न कळवता लिफ्ट चालू ठेवलीत, याचा पश्चात्ताप होतो?"

"नाही."

साडूने पान काढून माझ्यापुढे सरकवलं. वाचलं आणि अंगाची लाही लाही झाली. कागदावरच्या माणसाने दोष पाहिला होता, लपवला होता आणि वर त्याला त्याची लाजही नव्हती.

"साहेब, मला दोष दिसलाच नव्हता."

"नाही म्हणालात की नाही?"

"म्हणालो, पण..."

"झालं तर मग." ते साडूकडे वळले. "शेवटचा रकाना, कामगाराला काही विचारायचंय का. नाही, असं टाका."

"अजून विचारलं नाहीये, साहेब," साडू म्हणाला. पान परत टाइपरायटरला लावत, मान वर न करता.

व्यवस्थापकांनी त्याच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. "विचारा मग! आहे का काही?"

"हो," मी म्हणालो. "माझ्या तपासणीनंतर लिफ्टमध्ये दगडी फरशी बसवून घेतलीत. वजन वाढलंय हे मला कळवलंत?"

"नाही! फरशीसाठी तुमची परवानगी काढू?"

टाइपरायटर खडखडला. तो थांबला तेव्हा कुठे साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ते खोडा."

"खोडायचं नाही ना, साहेब," साडू म्हणाला. "सही इथे करायची."

ते पान वरच्या कचेरीत गेलं आणि माझा परवाना वाचला. पण त्या संध्याकाळी मला हे ठाऊक नव्हतं. लिफ्ट बंद होती, म्हणून आम्ही दोघं सहा मजले जिन्याने उतरलो. मी पुढे, तो मागे. माझ्या लग्नात मला चारचौघांत 'हमाल' म्हणाला होता तो, आणि सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या लग्नात पुन्हा तेच म्हणाला. मी काहीच विसरलो नव्हतो.

खालच्या पायरीवर त्याने विचारलं, "माझ्यावर अजून राग आहे?"

त्या दिवसातला हा पहिला सरळ प्रश्न. मी तो दोनदा तपासला. आत काही लपवलेलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो, आणि उद्या आमच्याकडे जेवायला किती वाजता येणार म्हणून विचारलं.